बार कुणाचा?

१९ नोव्हेंबर. सकाळपासून वाल सोलायला बसले आहे. आमच्या गिरणीचा पट्टा तुटला, नवा शहापूरहून यायचा आहे, तोवर निम्म्या शेणवे गावाचं भात आमच्या पडवीत पोत्यांत पडून आहे, आणि मला हात रिकामे ठेवून बसता येत नाही. परवा भिजत घातलेले, काल फडक्यात बांधून ठेवलेले वाल आज चांगले मोडावले आहेत. अंगठ्यानं दाबलं की साल सुटतं आणि दाणा ताटात पडतो. या कामाला डोकं लागत नाही, हेच त्याचं वाईट. डोकं मोकळं राहतं आणि समोरच्या फळीवर डब्याला टेकवून ठेवलेल्या कागदाकडे जातं. कागद मुरबाडच्या पोलीस ठाण्यातून आला आहे. एका जुन्या खटल्यातला मुद्देमाल निकाली काढायचा आहे, मयत आरोपीच्या वारसांनी ओळखपत्रासह हजर राहून सोबतचा फॉर्म भरून द्यावा. मुद्देमालापुढे लिहिलं आहे : ठासणीची बंदूक, नग एक. मयत आरोपी म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील. कोर्टानं त्यांना सोडलं त्यानंतर माझं लग्न झालं, मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, आप्पाही गेले, पण कागदावर ते अजून आरोपीच आहेत. त्यावरून मला कुणाशी भांडायचं नाही. कागद टाइप करणारं पोर तेव्हा जन्मलंही नसेल. भाऊ नाही, आई आप्पांच्या आधीच गेली, तेव्हा वारस मी एकटीच. उद्या पट्टा येवो न येवो, मुरबाडला जायला हवं. त्याआधी जे झालं ते एकदा सरळ लिहून काढते. मुलांनी कधी विचारलं तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगत बसायचा मला कंटाळा आहे.

आमचं गाव धसईहून चालत तासाभराचं. घर कारवीच्या कुडाचं, वर कौलं, पुढे सारवलेली ओटी. ओटीवर दोन वस्तूंच्या जागा ठरलेल्या होत्या. भिंतीला खुंटीवर आप्पांची बंदूक, आणि तिच्याखाली कोपऱ्यात आईचं जातं. बंदुकीला हात लावायचा नाही आणि जात्यावर बसायचं नाही, याखेरीज आमच्या घरात मुलांना फारसे नियम नव्हते. मुलं तरी कुठली, मी एकटीच. मला जाग यायची ती जात्याच्या आवाजानं. आई दळताना ओव्या वगैरे म्हणत नसे. ती दळताना दिवसभराची कामं मोजायची, तोंडातल्या तोंडात, आणि कामं संपायच्या आत पीठ संपायचं. मग भाकऱ्या थापायचा आवाज, मग आप्पांचा खोकला. जेवायला नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कधी अंबाडीची भाजी. वालाचं बिरडं पाहुणे आले किंवा सण असला तरच, कारण सोलायला वेळ कुणाला होता? आप्पा कमी बोलायचे. रोज संध्याकाळी तेलाच्या चिंधीनं बंदूक पुसायचे, तेवढ्यापुरतं त्यांच्याजवळ बसलं तर चालायचं. तिचा परवाना रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत असे. दरवर्षी तालुक्याला जाऊन शिक्का मारून आणायचा. भाताची राखण करायला मिळालेली बंदूक, आणि आसपासच्या चार पाड्यांत कागदावर असलेली एवढीच. कागदावर नसलेल्या आणखी दोन होत्या. त्या गवताच्या गंजीत राहायच्या आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे. एक होती आमच्याच गावातल्या एका म्हाताऱ्याची. दुसरी काशीकाकीच्या भावाची, तो डोंगराच्या पलीकडच्या अंगानं, डुकरांसाठी रान उठवायच्या, म्हणजे हाकेच्या दिवशी बहिणीकडे म्हणून यायचा.

काशीकाकी आमची बांधाला बांध लागून असलेली शेजारीण. तिचा नवरा हरीकाका. हरीकाका आणि आप्पा यांचं दर पावसाळ्यात बांधातल्या मोरीवरून वाजायचं, पाणी कुणी आधी सोडायचं म्हणून. कापणीला पुन्हा दोघं एकमेकांच्या शेतात. गावात भांडणाचेही हंगाम असतात. पुढे पोलिसांच्या कागदात तेच भांडण 'पूर्ववैमनस्य' होऊन आलं, तेव्हा मला तो शब्द कुणीतरी समजावून सांगावा लागला.

हाकेची रीत अशी होती. भात पिवळं पडलं की डुकरं यायची आणि अर्ध्या एकराचा चिखल करून जायची. दिवसा ती ओढ्यापलीकडच्या करवंदीच्या जाळ्यांत पडून असायची. डुक्कर मारायला सरकारची परवानगी लागते हे तेव्हाही खरंच होतं, पण ते मोठ्यानं कुणी म्हणत नसे. गावची माणसं एका अंगानं डबे, थाळ्या बडवत रान उठवायची. हे हाकेकरी. बंदूकवाले समोरच्या अंगाला ओढ्याकाठी दबा धरून. मधे सगळी झाडी, कुणाला कुणी दिसत नाही. म्हणून बार झाला की हाकेकऱ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि ओरडून विचारायचं, "बार कुणाचा?" ज्यानं उडवला त्यानं ओरडून सांगायचं, "आमचा!" आवाज कुठून आला ते कळलं की मगच पाय उचलायचा. 'माझा' असं कुणी म्हणत नसे. आमच्याकडे माणूस एकटा असला तरी घर आमचं, बैल आमचा, बायकोसुद्धा आमची. ज्यानं 'आमचा' म्हटलं त्याच्या घरी डुकराची मुंडी जायची आणि बाकीच्या मटणाचे हाकेला गेलेल्या प्रत्येक घराला सारखे वाटे. मुंडी घरी येणं हा मान होता. आप्पांच्या नेमाचं गावात नाव होतं, पण माझ्या आठवणीत आमच्याकडे मुंडी एकदाच आली होती. त्याची मला खंत होती, बारा वर्षांच्या पोरीला असू शकते तेवढी.

हाकेच्या दिवशी पोरींनी ओढा ओलांडायचा नाही. मी भाकऱ्यांचं फडकं घेऊन अलीकडच्या खळ्यापर्यंत गेले आणि फडकं खांबाला बांधून तिथेच रेंगाळले. डब्यांचा आवाज जवळ येत होता. मग एक बार झाला. एकच. डबे एकदम थांबले. आणि मग मी दोन आवाज ऐकले : कुणाचा तरी, "बार कुणाचा?" आणि आप्पांचा, "आमचा! आमचा!" आप्पांचा आवाज मी कुठेही ओळखला असता. तो नेहमीपेक्षा चढा होता. मला तो आनंदाचा वाटला. पुढचं ऐकायला मी थांबले नाही, गावाकडे पळत सुटले.

विहिरीवर सात-आठ बायका होत्या. आई हंडा घासत होती, काशीकाकी रहाटाला होती. मी लांबूनच ओरडले, "आपला बार! आप्पांचा बार! मुंडी आपल्या घरी!"

"काय गो शाले," काशीकाकी दोर न सोडता म्हणाली, "मुंडी सांगायला येवढी पळत आलीस? आन् माजा मेला सकाळधरनं डबा बडवतोय, त्येला काय? शेपटी?"

"शेपटी घे आन् त्येच्या कानाला बांध," दुसरी कुणी म्हणाली, "तुजं कायतरी ऐकल तरी."

सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली. काशीकाकीनं कळशी काठावर ठेवली आणि मला जवळ ओढून माझी सुटलेली वेणी घालायला घेतली, हसत हसतच. वेणीचे तीन पेड घालून झाले असतील, तेवढ्यात ओढ्याच्या वाटेनं माणसं येताना दिसली. डबे वाजत नव्हते. घोंगडीची झोळी करून चौघांनी धरली होती आणि पुढच्या टोकाला आप्पा होते, उघड्या डोक्यानं. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. झोळीतून एक पाय बाहेर आला होता. काशीकाकीनं तो ओळखला. माझी वेणी तिच्या हातात होती ती तिनं तशीच घट्ट धरून ठेवली, मला दुखेपर्यंत, आणि मग एकदम सोडली.

पोलीस दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तोवर गवताच्या गंजीतल्या दोन्ही बंदुका कुठे गेल्या ते कुणी विचारू नये. काशीकाकीचा भाऊ रात्रीच डोंगर चढून गेला होता आणि दहनालासुद्धा पाहुण्यासारखा हात बांधून आला. राहिली कागदावरची एक बंदूक. तिच्या नळीला दारूचा वास येत होता, कारण आदल्या संध्याकाळी आप्पांनी भातातली डुकरं हुसकायला हवेत बार काढला होता. ते अर्ध्या गावानं ऐकलं होतं. पण वासाला तारीख नसते. हवालदारानं विहिरीवरच्या बायकांना एकेकीला विचारलं. कुणी खोटं बोललं नाही. आठ जणींनी एकच सांगितलं : पोर पळत आली आणि म्हणाली, आप्पांचा बार. मग त्यानं मला ओटीवर समोर बसवलं. माणूस चांगला होता. आईनं दिलेलं पाणी त्यानं आधी मला दिलं.

"बाळ, तू सोताच्या कानांनी काय ऐकलंस?"

"आमचा."

"कोण म्हणालं?"

"आप्पा."

आप्पा तिथेच जात्याजवळ उकिडवे बसले होते. हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "पोरगी खोटं नाय बोलत, सायेब. लिवा." नंतर त्यांनी त्यांचं सांगितलं. बार झाला तेव्हा ते दबा धरून बसले होते, पण बार त्यांनी काढला नव्हता. ते आवाजाच्या दिशेनं गेले, हरीकाका जाळीच्या तोंडाशी पडलेला दिसला, आणि पुन्हा कुणी बार काढू नये म्हणून ते ओरडले, आमचा, आमचा माणूस. रानात माणूस मधे आला की असंच ओरडतात हेही खरं. 'माणूस' मी ऐकलं नव्हतं. मी तोवर पळत सुटले होते. हवालदारानं तेही लिहून घेतलं आणि बंदुकीबरोबर आप्पांनाही घेऊन गेला. भिंतीवरची खुंटी मोकळी झाली. आईनं संध्याकाळपर्यंत तिच्यावर विळा टांगला.

त्या वर्षीचं आमचं भात आईनं आणि मी कापलं. इरजिकीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात राबायला, कुणी आलं नाही. रागानं नाही, लाजेनं. आले असते तर बंदुकांची गोष्ट निघाली असती. आप्पा जामिनावर सुटून येईपर्यंत पुढची लावणीही होऊन गेली. त्या दिवसांतलं माझ्या लक्षात राहिलं आहे ते म्हणजे जात्याचा आवाज. आईनं कामं मोजणं बंद केलं होतं. जातं नुसतं फिरायचं. मला वाटायचं ती एक दिवस मला मारेल, आणि मारावं असंही वाटायचं. तिनं कधी हात उगारला नाही की बोलली नाही. विहिरीवर मात्र मला पुन्हा पाठवलं नाही. पाणी ती स्वतःच आणायची, भर उन्हात, बाकीच्या बायका येऊन गेल्यावर. काशीकाकीच्या घराकडून धूर निघतो की नाही ते मी रोज पाहायचे. निघाला की बरं वाटायचं. का ते सांगता येत नाही.

जिल्ह्याच्या कोर्टात माझी साक्ष झाली तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते. आदल्या दिवशी आई मला न्हाऊ घालत होती. एवढ्या मोठ्या पोरीला न्हाऊ घालायचं कारण नव्हतं, पण तिला काहीतरी बोलायचं होतं आणि तिला हात चालू असल्याशिवाय बोलता येत नसे. डोक्यावर पाणी ओतता ओतता ती म्हणाली, "ऐकलास तेवढंच बोल. समजलास ते नको." आयुष्यात मला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला. गिरणीचा धंदा मी त्यावरच केला.

कोर्टात मी तेवढंच बोलले. सरकारी वकिलानं विचारलं, मी म्हणाले, आमचा. मग आप्पांचे वकील उठले. वय झालेले, घसा बसलेला.

"आमचा म्हणजे काय आमचा, बाळ? बार आमचा, की माणूस आमचा?"

"आमचा."

"ते कळलं. पण आमचा काय?"

"मी आमचाच ऐकला."

"आधी कोणी 'बार कुणाचा' विचारलं आणि मग आप्पा 'आमचा' म्हणाले, की आधी आप्पा ओरडले आणि मग कोणी विचारलं?"

मी विचार केला. खरंच केला. सगळे थांबले होते, वरती पंखा फिरत होता, आणि मला ते दोन आवाज आठवत होते, पण एकामागून एक लागत नव्हते. शेवटी म्हणाले, "ठावं नाय." न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. आप्पा पिंजऱ्यात उभे होते. बंदुका किती होत्या असं त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "माझी एक." गावातल्या प्रत्येक साक्षीदारानं तेच सांगितलं. हरीकाकाच्या अंगातून काढलेले छरे कुठल्याही ठासणीच्या बंदुकीतून उडाले असते. काही महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन आरोपीस मुक्त करण्यात येत आहे. फायदा हा शब्द तिथे मला तेव्हाही विचित्र वाटला होता.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं धसईला एसटीतून उतरलो. बाजाराचा दिवस होता, माणसं बसस्टँडपर्यंत पसरली होती. एकानं लांबूनच विचारलं, "काय झाला?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "सुटला." आमच्याकडे बैल सुटतो, गाठ सुटते, बार सुटतो, तसा आरोपीही सुटतो. निर्दोष असं कुणी म्हणालं नाही. आप्पांनी आईसाठी खारे बोंबील घेतले आणि आम्ही चालू लागलो. गावात शिरताना आळीच्या तोंडाशीच काशीकाकीचं घर. ती दारात उभी होती. तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. तीन वर्षांत ती आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आई थांबली नाही, मान खाली घालून पुढे गेली. आप्पा थांबले. ओट्यांवर माणसं होती, सगळी ऐकत.

काशीकाकी म्हणाली, "भावोजी, बार कुणाचा?"

रानातली रीत आहे, विचारलं की उत्तर द्यायचं. आप्पांनी बोंबलांची जुडी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "आमचा."

ती आत गेली आणि तिनं दार लावलं. आदळलं नाही, लावलं.

गावानं त्याच संध्याकाळी अर्थ लावून टाकला. कोर्टात नाही म्हणाला, बाईसमोर कबूल झाला. मीही कित्येक वर्षं तेच धरून चालले, आणि मग कित्येक वर्षं ते धरलं नाही. मराठीत 'आपला' असाही एक शब्द आहे. आप्पा 'आपला' म्हणाले असते तर काशीकाकी त्यात आली असती, आणि तिच्याबरोबर तिचा भाऊही. 'माझा' म्हणाले असते तर प्रश्नच मिटला असता. ते 'आमचा' म्हणाले. ओढ्याकाठी दबा धरून बसलेल्या आम्हा सगळ्यांचा. त्यात किती जण होते ते तिला ठाऊक होतं, आणि त्यातला एक कोण होता तेही. की नुसतं सवयीनं म्हणाले, घर आमचं, बैल आमचा, तसा बारही आमचा? मी हा शब्द इतक्या वेळा सोलला आहे की आता त्याच्या आत दाणा राहिला आहे की नाही याचीच शंका येते.

पुढच्या लावणीला आप्पांनी उजाडता उजाडता बैल जुंपले आणि आमच्याआधी काशीकाकीचं शेत चिखललं. सांगितलं कुणी नव्हतं. तिचा मुलगा लहान होता, भाऊ पुन्हा फिरकला नव्हता. ती बांधावर आली, उभी राहिली, निघून गेली. दुसऱ्या दिवशी बांधावर दगडाखाली फडक्यात बांधलेली भाकरी होती. आप्पांनी ती खाल्ली, फडकं धुऊन तिथेच दगडाखाली ठेवलं. असं तिचा मुलगा नांगर धरण्याएवढा होईपर्यंत चाललं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मोरीवरून भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. गाव म्हणायचं, केलं म्हणून तर करतोय. आप्पा ऐकायचे आणि खोकायचे. बंदूक परत न्या असा निरोप दोनदा आला. ते गेले नाहीत. "तिथंच बरी हाय," एवढंच म्हणाले. हाकेला गाव पुन्हा गेलं नाही. डुकरं अजून येतात, आता विजेचं कुंपण घालतात.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, तेव्हा मी त्यांना एकदा विचारलं. बाकीच्या दोन बंदुकांचं नाव का नाही घेतलं? ते खाट विणत होते. सुंभ दातात धरून ओढलं, गाठ मारली.

"नाव घेतला असता तर बार कुणाचा ते समजला असता काय गो?" ते म्हणाले. "आजून एक घर बसला असता, बस."

"पण तुम्ही काढला नव्हता ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माझ्या मांडीवरच्या बाळाकडे पाहावं तसं, याला अजून दात यायचेत अशा नजरेनं. मग म्हणाले, "मी काय बोललो ते तू ऐकलास. तुज्यापेक्षा जास्ती कोणी नाय ऐकला." आणि पुन्हा विणायला लागले. यानंतर मी विचारलं नाही.

आता माझे कान गेले आहेत. तीस वर्षं गिरणीत उभं राहिल्यावर कुणाचेही जातील. डाव्या कानानं तर फोनही ऐकू येत नाही. गंमत अशी की, ऐकू येईनासं झाल्यापासून ते दोन आवाज मला एकामागून एक लागायला लागले आहेत. आधी आप्पा ओरडतात, मग कुणीतरी विचारतं. अगदी स्पष्ट. याचा अर्थ आप्पा उत्तर देत नव्हते. पण म्हणून त्यावर मी विश्वास ठेवत नाही. मुलीला जसं हवं तसं ते आता लागतं आहे, आणि ऐकलं तेवढंच बोलायचं ठरलं आहे.

वाल सोलून झाले. दोन डबे भरले. आज जमलं तेवढं लिहिलं.

२० तारखेला वालाचा एक डबा पिशवीत घेऊन सकाळी सहाच्या गाडीनं निघाले आणि मुरबाडला ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीचं दार उघडायच्या आधी जाऊन बसले. बंदूक एका कोपऱ्यात बऱ्याच वस्तूंबरोबर उभी होती, दस्त्याला चिठ्ठी बांधलेली. मला वाटलं होतं त्याहून लहान होती. नळी गंजून तांबडी झाली होती. कारकून मुलगी होती, माझ्या सुनेच्या वयाची. फॉर्मवरच्या 'शस्त्र कोणाचे' या रकान्यात मी सवयीनं लिहून गेले, आमचे.

"काकू, आमचे म्हणजे कोणाचे? नाव लिहा."

खोडून आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. नाते : मुलगी. 'परत हवे / नष्ट करावे' यातलं 'परत हवे' खोडलं. सही केली. पाच मिनिटांचं काम. मग धसईची गाडी पकडली, आणि धसईहून रिक्षा. माहेरचं घर आप्पा गेल्यापासून बंद आहे, तिकडे गेले नाही. आळीच्या तोंडाशीच उतरले. काशीकाकी ओटीवर सूप घेऊन बसली होती. डोळे अधू झाले आहेत, पण तिनं मला चालीवरून ओळखलं.

"शालू काय गो? कोणतरी मेला वाटतं, तू आलीस ती."

"कोणी नाही. बंदूक होती ना पोलिसांकडे, ती मोडीत काढायला देऊन आले. तुला सांगावं म्हटलं." मग तिथेच उभ्या उभ्या म्हणाले, "काकी, त्या दिवशी विहिरीवर ओरडत आले ते माझं चुकलं."

"ठावं हाय. मी तुजी वेणी घालत व्हते." तिनं सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "कागदावर लिवून घेतला आसल त्यांनी."

"हो. बंदूक कुणाची ते लिहिलं."

"आन् बार कुणाचा?"

"तो रकाना नव्हता, काकी."

तिनं सूप खाली ठेवलं. मग तिला हसू आलं, बोळकं तोंड उघडून, आणि ते थांबेपर्यंत मी उभीच होते. हसून झाल्यावर तिनं हात पुढे केला. मी डबा दिला. तिनं झाकण काढून दोन वाल चिमटीत धरले, डोळ्यांजवळ नेले.

"मोड लय आलेत. आजच शिजव. उंद्या कडू होतील."

मी चपला काढल्या, आत गेले आणि तिची चूल पेटवली.